शैलाच्या चौरंगातला घुण

३ एप्रिल
शाळेत शैला आणि मी एका बाकावर. एका पुस्तकात दोन डोकी, म्हणून एकीच्या उवा दुसरीला. सिस्टरनी दोघींना आठवडाभर कडुलिंबाखाली वेगळं बसवलं होतं. मुळात उवा कुणाच्या, हे पन्नास वर्षांत ठरलेलं नाही. शैला म्हणते, "तुझ्याच."
तेच बाक आज घरी आणलं. शाळेनं मोडीत काढलं होतं. खालच्या बाजूला कर्कटकानं कोरलेलं, शैला, कुंदा. दोन चौरंग करायचे. एक शैलाला, तेर गावातल्या नव्या घरात बुद्धमूर्तीसाठी.

४ एप्रिल
समोरचे बाबू मिस्त्री आले, बाक आपटलं. पिठासारखा भुसा पडला. "ताई, घुण हाय. घरात न्हेऊ नका, तुमची कपाटं बी खाईल."
एक पाय पार पोखरलेला, तो लगेच जाळला. बाकीच्या फळ्या अंगणात पत्र्यावर. तिथंही कडुलिंबच आहे.

७ एप्रिल
भोकाभोकांत पिचकारीनं औषध. मग प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं. "लगीच रंधा मारू नका. आधी नवा भुसा पडतो का बघायचं."
शैलाचा फोन. दारं-खिडक्या सगळं नवं लाकूड. मी बाकाबद्दल बोललेच नाही.

१९ एप्रिल
प्लॅस्टिक काढलं. फळ्यांखाली काळा कागद.

२१ एप्रिल
कागदावर पूड. पुन्हा औषध.

२४ एप्रिल
पुन्हा पूड. मिस्त्री म्हणतात, "लई चिवट हाय ह्यो." औषध तिसऱ्यांदा.

२६ एप्रिल
दुपारी झोप लागेना, अंगणात गेले. फळ्यांवर कॅरम मांडून हे आणि मिस्त्री. शेजारी बोरिक पावडरची डबी.
मिस्त्री उठलेच. "साहेबच बोलावत्यात, ताई."
हे सोंगटीवरची नजर न काढता, "तुझ्या मोतीबिंदूला भुसा काय, पावडर काय."
कॅरम माळ्यावर. नवा कागद.

९ मे
कागद कोरा. मिस्त्रींनी रंधा मारला, चौरंग झाले. करवत दोन नावांच्या मधून गेली. 'कुंदा' तिला देणार, 'शैला' मला.

१४ मे
उद्या सोलापूरला डोळ्याचं ऑपरेशन. रविवारी शैलाचा गृहप्रवेश, मला जमणार नाही, हे जातील. आणि आज सकाळी कागदावर चिमूटभर काहीतरी. हे म्हणतात, रंध्याचाच भुसा, सांदीत राहिलेला. असेलही, पण...

ह्यांच्यासाठी लिहून ठेवते.
कागद बदलला आहे. रविवारी सकाळी चष्मा लावून पाहा. कोरा असेल तर 'कुंदा' शैलाला, 'शैला' माझ्या देवघरात. कणभर जरी दिसलं तरी तिला नुसती साडी आणि पेढे, दोन्ही चौरंग परत झाडाखाली. पावडरची डबी मिस्त्रींना, कायमची.
आणि शैलानं काही विचारलं तर उवांचा विषय काढू नका.