उतरणीवरचा दगड

मोहर्ली,
ता. २२ जानेवारी २००७

ती. खुशालभाऊस,

धनराजचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार आणि नेहमीप्रमाणे पत्र वाचून दाखवणाऱ्या रोशनीला आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. यंदा थंडी फार आहे. रुखमाचा खोकला जात नव्हता, आता अडुळशाच्या काढ्यानं कमी आहे. जंगल पाहायला येणाऱ्यांच्या जिप्सी पहाटेपासून दारावरून जातात, त्यांची धूळ घरातल्या पिठावरसुद्धा बसते. तुमच्या पायाचं काय? थंडीत ठणकत असेल. तेल गरम करून चोळून घेता की नाही? वहिनींनी सांगितलं तर ऐकत जा.

रोशनी, आई घरात असेल तर तिलाही बोलावून बसव. आणि पुढे कुठं थांबावंसं वाटलं तरी थांबू नको. जसं लिहिलं आहे तसं वाच.

भाऊ, मी इथल्या एका हॉटेलात मुकादम झालो आहे. हसू नका. हॉटेलच्या मागे मालकाची स्वतःची टेकडी आहे. तिच्यावरून सायकली उतरवायची वाट त्यानं मागच्या वर्षी पाडली. गिअरच्या जाड चाकांच्या सायकली आणल्या. शहरातले पाहुणे त्या ढकलत वर नेतात आणि वरून खाली येतात. आपल्यासारखे टोपलीत मासे नाहीत, गाठायचा बाजार नाही, नुसती उतरायची हौस! पण वाट अवघड झाली. दोघांचे गुडघे फुटले, एक बाई अर्ध्या उतारावर बसून रडली. म्हणून मालक मला म्हणाला, "धनराज, ऐसा रास्ता बनाओ की मेरी सास भी हँसते हँसते उतर जाए."

तेव्हापासून आम्ही आठ माणसं तेच करत आहोत. वर आलेली मुळं तोडायची, खड्ड्यांत मुरूम भरून दुरमुसानं ठोकायचा, वळणांच्या मोडी रुंद करायच्या, पाणी बाजूला काढायचं. मला हे काम चांगलं येतं. कोणी विचारलं, कुठं शिकलास, तर मी दुरमुस उचलतो.

मागच्या सोमवारी एका मोडीच्या वर मोठा दगड निघाला. तो उपटायला मी लोखंडी सब्बल घातली. चंद्रपूरचे कय्यूमभाई हॉटेलच्या सायकली दुरुस्त करायला दर आठवड्याला येतात. ते खालून ओरडले, "अरे, तो गोटा नको काढू बावा! त्याले काढशीन त गाडी सुसाट येईन अन् मोडीवर जाईन झाडात. ज्याले चालवता येते तो गडी त्याच्यावर मागचं चाक घासते, मंग वळते."

मी तिथंच खाली बसलो. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. जानेवारीत!

भाऊ, तुम्हाला कळलं असेल मी कशाबद्दल लिहितो आहे. तरी पूर्ण लिहितो, कारण अर्धवट सांगून मोकळं व्हायची मला सवय आहे.

अकरा वर्षांपूर्वी आपण दोघे तलावाची मासोळी सायकलवर बांधून टेकडीपलीकडच्या बाजारात नेत होतो. खडकीची उतरण आली की मासोळी नेणारे सगळे ढीवर सायकलवरून उतरून पायी जायचे. तीस किलोचं ओलं ओझं, ब्रेकचे रबर झिजलेले, आणि मध्ये तो दगड, ज्याला सगळे 'म्हातारी' म्हणायचे. एकटे तुम्ही बसून उतरायचे. मी सायकल धरून मागून पायी. मी पोहोचायचो तोवर तुमची मरळ विकली गेलेली असायची. बाजारातली पोरं मला म्हणायची, "धन्याची मासोळी पायी येते!" तुम्ही हसायचे नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्या वर्षी रुखमाशी माझं लग्न ठरत होतं. तिचे वडील उतरणीच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर बसायचे. बाजाराच्या दिवशी त्यांच्यासमोर पायी उतरायची मला लाज वाटत होती. म्हणून आदल्या दुपारी, तुम्ही तलावावर जाळी धूत होता तेव्हा, मी सब्बल आणि फावडं घेऊन उतरणीवर गेलो.

हो भाऊ. मी म्हातारी काढली.

मुळापासून हलवली आणि दहा-बारा पावलं खाली नाल्याकडे लोटून दिली. खड्डा मुरमानं भरला, पायानं दाबला, वरचे लहान गोटेही वेचून काढले. उतरण सारवलेल्या अंगणासारखी झाली. सगळ्यांच्याच सोयीचं काम केलं, असं मी स्वतःला म्हटलं. तुमची शपथ, मला वाटत होतं तुम्ही त्या दगडाला चुकवून जाता. तुम्ही त्याच्यावर चाक घासून गाडी आवरता, हे मला माहीतच नव्हतं. मी तुमच्या मागे असायचो, पण तिथं माझे डोळे माझ्याच पायाशी असायचे.

तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रुखमाच्या वडिलांपुढे मोठेपणा कसला मिळाला असता? तुमच्या आधी निघून पहिला मीच उतरणार होतो. पण सकाळी मी आरशासमोर भांग पाडत होतो. तुम्ही दारातून हाक मारली, "चाल नं बे, मासोळी खराब होऊन राह्यली." मी म्हटलं, "तुम्ही व्हा समोर, मी आलोच." एका भांगासाठी, भाऊ.

मी आलो तेव्हा तुम्ही मोहाच्या झाडाखाली पडले होते. लोकांनी तुम्हाला खाटेवर घालून सडकेपर्यंत नेलं आणि तिथून जीपनं गडचिरोलीच्या दवाखान्यात. मी म्हणालो, मी मासोळी वेचून मागून येतो.

मी मासोळी वेचली नाही. ती कावळ्यांनी नेली. मी म्हातारी परत आणली. सब्बल लावून, खांदा लावून, एकेक वीत वर. दुपार झाली. मुरूम उकरून तिला जागच्या जागी बसवली, वर पालापाचोळा टाकला, वेचलेले लहान गोटे परत पसरले. माझ्या हाताची सालं निघाली होती. वहिनींनी दवाखान्यात ते हात पाहिले आणि म्हणाल्या, "भावासाठी किती धावला माहा पोरगा!" वहिनी, तुम्ही ऐकत असाल तर तुमच्यापुढे मान वर करायची माझी लायकी नाही.

शुद्धीवर येताच तुम्ही म्हणाले, "म्हातारी नोहोती जागेवर. म्या चाक घासाले गेलो त काईच नोहोतं." माणसं जाऊन पाहून आली. दगड होता. दगडाखालची ताजी माती कोणी पाहिली नाही. मग गाव म्हणू लागलं, खुशाल पिऊन होता. तीन वर्षं थेंबाला न शिवलेला माणूस.

मग तुम्ही सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि माझा हात धरला. "धन्या, तू पाहून ये. बाकीच्याइचं जाऊ दे, तुया डोळ्यावर मले भरोसा आहे."

मी गेलोसुद्धा नाही. बाहेर नळाजवळ थोडा वेळ उभा राहिलो आणि आत येऊन म्हणालो, "आहे भाऊ. म्हातारी तिथीच आहे."

तुम्ही डोळे चोळले. मग म्हणाले, "मंग माहेच डोये गेले असतीन." त्यानंतर तुम्ही त्या गोष्टीचा शब्द काढला नाही.

तुमचा पाय माझ्या मूर्खपणानं मोडला. ते मी कदाचित कधीतरी सांगू शकलो असतो. पण तुमचा शब्द मी जाणूनबुजून मोडला. आपल्या तलावावर मासोळीचे वाटे पडायचे तेव्हा ढिगांकडे पाठ करून तुम्ही बसायचे. कोणीतरी एका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" आणि तुम्ही न पाहता नाव पुकारायचे. कोणाला मोठा ढीग आला, कोणाला लहान, कधी कोणी हूं का चूं केलं नाही, कारण पुकारणारे तुम्ही होता. त्या वर्षीपासून तिथं तुमच्या जागी दादाजीला बसवलं. मच्छीमार सोसायटीतली माणसं म्हणाली, याला आता दिवसा दगड दिसत नाही. तेव्हा मी तिथंच उभा होतो. माझा वाटा घेतला आणि घरी गेलो. लग्न झाल्यावर गाव सोडून इथं आलो, ते कामासाठी आलो असं सांगितलं. कामासाठी नाही. तुम्ही ओट्यावर बसून जाळं विणताना दर थोड्या वेळानं डोळे चोळायचे, ते मला पाहवत नव्हतं.

सोमवारी कय्यूमभाईंना मी सगळं सांगून टाकलं. ते पाना पुसत म्हणाले, "मले सांगून काय फायदा? ज्याले सांगाचं त्याले सांग नं." त्या रात्री रुखमाला सांगितलं.  तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माह्या बापाले दाखवासाठी? तो त उन्हाळ्यापासूनच लग्नाले हो म्हणून बसला होता." मग पेन आणून दिला.

तो दगड मी काढला नाही. मालक रागावला आहे. सासूचं काय, म्हणतो. सासूसाठी बाजूनं वेगळी वाट काढून देतो म्हटलं.

हे पत्र घरातच ठेवू नका. रोशनीला घेऊन सोसायटीच्या ओट्यावर जा आणि सगळ्यांसमोर परत वाचायला लावा. तिला लाज वाटेल. रोशनी, बाळ, लाज तुझी नाही, काकाची आहे. मोठ्यानं वाच. मी स्वतः येत्या शुक्रवारी, तलावावर वाटे पडायच्या दिवशी येतो आणि तोंडानं सांगतो. लोकांनी काय करायचं ते करावं.

माफी मागत नाही. अकरा वर्षं तुम्हाला तुमच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावली, त्याची माफी कोणत्या तोंडानं मागू? एकच सांगतो, ते रोशनीनं दोनदा वाचावं. दगड नव्हता, भाऊ. तुम्ही बरोबर पाहिलं होतं.

शुक्रवारी ढिगांकडे पाठ करून तुम्हीच बसा. मी सगळ्यांच्या मागे उभा राहीन. माझं नाव पुकारायचं की नाही, ते तुमच्यावर.

तुमचा भाऊ म्हणवून घ्यायला लाजणारा,
धन्या