दिवे बंद ठेवून

प्रिय लांबच्या माणसा,

पुढच्या आठवड्यात बदलीचा अर्ज देऊन कायमचा घरी येतोयस, हे वाचून मी आनंदाने उडी मारायला हवी होती. त्याऐवजी कालपासून नुसत्या येरझाऱ्या घालतेय. सकाळी डोळ्यांदेखत दूध उतू गेलं.

या सुट्टीत माझ्याकडे दुसऱ्या वर्षाची तीन पोरं संशोधनाला आहेत. फ्रीजमध्ये असतात तसले फ्लोरीन-क्लोरीनवाले वायू हवेत किती वेगाने नष्ट होतात, ते आम्ही मोजतो. काचेच्या नळकांड्यात वायू आणि जोडीला क्लोरीन भरायचा, दिवे लावायचे. उजेडाने क्लोरीनचे सुटे अणू तयार होतात आणि वायूवर तुटून पडतात. किती उरला ते थोड्या थोड्या वेळाने बघायचं. त्यातली एक, जिला सगळे घाईबाई म्हणतात, काल वेगाचा आकडा घेऊन नाचतच आली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! दिवे बंद ठेवून वायू नुसता भरून बघितलात का, असं मी विचारलं, तर ते कुणीच केलं नव्हतं. आमच्या कामातली ही पहिली शिस्त. मग बघितलं. काही न करताच वायू जवळजवळ तेवढाच कमी झाला होता, म्हणजे तो दिव्यांमुळे जातच नव्हता. मी पोरांना फैलावर घेतलं, आणि बोलता बोलता मला आपण दोघं आठवलो.

कारण आपणही इतकी वर्षं सगळं अंतराच्या नावावर खपवलं. फोन आखूड झाले, अंतरामुळे. तुझ्या कपाळाला टाके पडले ते मला वन्संकडून कळलं, तेही अंतरामुळे. पण मागच्या सुट्टीत तू महिनाभर इथेच होतास की! तू बातम्या बघायचास, मी पेपर तपासायचे, आणि मीठ मागण्यापलीकडे आपण बोललो नाही. तू गेलास तेव्हा मला हायसं वाटलं रे. फार वाईट वाटतंय हे लिहिताना.

पोरं आता व्हॉल्व्ह उघडून बसलीत. वायसर झिजला असेल तर बदलता येईल. काचच वायू शोषत असेल तर काय करायचं, ते मलाही अजून ठाऊक नाही. फोनवर तू ‘बघू’ म्हणून विषय झटकला असतास, म्हणून हे पत्र. बढतीवर पाणी सोडून येतोयस. ते माझ्यासाठी असेल, तर आधी चार दिवस नुसता ये. टीव्ही बंद, माझे पेपर कपाटात. कुठे गळतंय ते दोघं मिळून शोधू. अर्ज तोवर खिशातच राहू दे.

अजून तुझीच,
बाईसाहेब