काकवी सांडली नव्हती

बेलापूर,
१४ मार्च

प्रिय कृपादान,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी टेबलावर टाकशील, चहा पिशील, हेलनवहिनी दोनदा विचारतील आणि मग कुठे चष्मा शोधशील. शोध. फोनच केला असता, पण माझं नाव दिसलं की तू मोबाईल पालथा घालतोस हे मला कळलंय. कोणाकडून कळलं ते विचारू नकोस. आपण दोघे तोंड फिरवून बसलो तरी तिसगाव आणि बेलापूरच्या बायकांचे फोन एक दिवस बंद नव्हते.

बातमी गाडीची आहे. भांडण तिच्यावरूनच झालं, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. नाताळच्या दोन दिवस आधी तुला तिसगावला सोडायला निघालो, तेव्हा दरवर्षीसारखी गुऱ्हाळावरची पाच लिटर काकवी कॅनमध्ये भरून तुझ्या पायाशी ठेवली होती. परत आलो तर तुझ्या बाजूची मॅट ओली, चिकट आणि गाडीभर गोड वास. मी तिथूनच फोन लावला आणि तुला झाकण कसं लावायचं ते शिकवलं. तू म्हणालास, कॅन गळ्यापर्यंत भरलेला आहे, येऊन बघ. तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, जन्मभर पोरांच्या चुका लाल शाईनं काढल्यास, स्वतःची एखादी कधी दिसली का? त्यावर तू म्हणालास, तुझ्या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि ठेवला नाहीस. संक्रांतीला सुकन्यानं तुझ्या नावचा तिळगूळ डबीत वेगळा काढला होता, तो मी रागारागानं खाऊन टाकला. खोटं कशाला बोलू, गोड लागला नाही.

जानेवारीत गाडीनं रंग दाखवायला सुरुवात केली. बावीस वर्षांची म्हातारी ती, कुरकुरणारच. पण आता दर तीन-चार दिवसांनी रेडिएटरचं पाणी कमी व्हायला लागलं. हिरवं कूलंट विकत आणून ओतायचो, पुन्हा खाली. आपल्या पोरीला, दिशाला घेऊन शनिशिंगणापूरकडे निघालो होतो, तर अर्ध्या वाटेत काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ. अर्धा तास लिंबाखाली उभे होतो. येणारा-जाणारा थांबून सल्ला देत होता. आमच्या गावातल्या छगननं तर रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायला सांगितली, भोक आपोआप बुजतं म्हणे. मी म्हटलं, मग मीठ-मिरचीही टाकतो, कालवण तरी होईल.

शेवटी श्रीरामपूरला पुंजाराम मिस्त्रीकडे गेलो. पस्तिशीचा गडी, बोलणं कमी, काम चोख. त्यानं रेडिएटरचं झाकण बदललं, पाइपांच्या पट्ट्या आवळल्या, रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. चार दिवसांनी पाणी पुन्हा कमी. पाणी जातंय पण गळत नाही, हे काय गौडबंगाल ते त्यालाही उमगेना. घरात सध्या कामांची ही रांग लागलेली, गाडीवाचून पान हलत नाही, आणि मी रोज सकाळी देवाआधी रेडिएटरचं दर्शन घेतोय.

गेल्या सोमवारी पुन्हा गेलो. या वेळी पुंजारामनं बॉनेट उघडलंच नाही. तो सरळ तुझ्या जागेवर जाऊन बसला आणि नाकानं वास घेत राहिला. मग विचारलं, पुढची काच आतून धुरकट होते का? होते म्हटलं, पुसली तर तेलकट फराटा उठतो. त्यानं वाकून मॅट उचलली, तर खालचा गालिचा चिंब. मी ऐटीत सांगितलं, अरे ती काकवी आहे, माझ्या एका मित्रानं सांडली, तीन महिने धुतोय तरी जात नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, तुमी उसवाले ना? काकवी सांडून तीन महिनं झालं, अन् गाडीत एक मुंगी न्हाई? मुंग्यांनी गाडी उचलून न्हेली असती की.”

कृपादान, माझे कान तापले. तीन पिढ्या ऊस आमच्या रानात. गुळाचा खडा पडला तर घटकाभरात मुंग्यांची रांग लागते, हे मी पाळण्यात असल्यापासून बघतोय. आणि मी तीन महिने ती मॅट धुताना एकदाही मुंगी शोधली नाही, कारण मला तुझी चूक हवी होती. तरी पीळ जाईना. खात्री करायला बोट बुडवून जिभेकडे नेलं, तर पुंजारामनं मनगटच धरलं. विष असतं म्हणाला, गोड वासावर जाऊ नका. ते आपलं हिरवं कूलंट होतं.

झालं होतं असं. समोरच्या डॅशबोर्डच्या फळीमागे हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो, इंजिनातलं गरम पाणी त्यात फिरतं. आपल्याकडे हीटर लावतो कोण? पण त्या दिवशी पहाटे थंडी होती, तुझा गुडघा धरला होता, म्हणून बावीस वर्षांत पहिल्यांदा मीच तो खटका ओढला. गंजलेल्या त्या डब्यात दाबानं पाणी शिरलं आणि तो फुटला. खटका पुन्हा नीट बसलाच नाही, पाणी थेंब-थेंब तुझ्या पायाशी गळत राहिलं. म्हणून पुठ्ठा कोरडा. आणि वासाचं म्हणशील, तर गळीत हंगामात अख्खं बेलापूर गोड वासात असतं, आमची नाकं कधीच कामातून गेलीत.

तो डबा बदलायचा तर समोरची अख्खी फळी सोडवावी लागते. पुंजाराम म्हणाला, नगर जिल्ह्यात हीटर कशाला पाहिजे? आत जाणारे दोन्ही पाइप त्यानं बाहेरच काढले, एकमेकांना जोडून टाकले, नवीन पट्ट्या आवळल्या. ताजं कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत आम्ही दोघं त्यात डोकावत बसलो. पंखा फिरला, पाणी स्थिर झालं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी शिंगणापूरला जाऊन आलो, काटा मध्यावरून हलला नाही. परत येताना मी एकटाच हसत होतो. गाडी बरी झाली म्हणून नव्हे रे. काकवी तू सांडली नव्हतीस म्हणून. मी चुकलो. तू होतास तसाच आहेस, नीट झाकण लावणारा, चिडका, माझा मित्र.

तू नवा मास्तर म्हणून आमच्या पुढच्या खोलीत राहायला आलास, त्या वर्षीची भाऊबीज आठवते? सुकन्याला भाऊ नाही, ती पाटाकडे बघत डोळे पुसत होती आणि तू विस्तव मागायला दारात आलास. तिनं तुला तसंच धरून पाटावर बसवलं. खिशात काही नव्हतं म्हणून तू ताटात स्वतःचं शाईचं पेन घातलंस. तेव्हापासून एक भाऊबीज तू चुकवली नाहीस.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. दिशाचं लग्न ठरलंय, सव्वीस एप्रिल. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. भावकीनं सुकन्याचा एक लांबचा चुलतभाऊ सुचवला होता, मी ऐकून घेतलं नाही. पत्रिका सोबत ठेवली आहे, मामाच्या जागी कुणाचं नाव आहे ते बघ. सुकन्यानं घातलं नाही, दिशानंही नाही, मी माझ्या हातानं लिहून दिलं. बावीस तारखेच्या रविवारी गाडी घेऊन तुम्हा दोघांना न्यायला येतोय. माफी मागायला गळती सापडायची वाट पाहिली असं तुला वाटेल, म्हणून एवढंच सांगतो. पत्रिकेचा मजकूर मी छापखान्यात दोन मार्चला दिला आणि पुंजारामनं ती मॅट उचलली नऊ तारखेला. तुझं नाव लिहिलं तेव्हा काकवी तूच सांडलीस याची मला पक्की खात्री होती.

तुझाच,
राधाकृष्ण