डावी बाजू

४ फेब्रुवारी, रविवार

'कपाट' मिळालं! मिळालं एकदाचं!

खरं नाव अर्थात वेगळं आहे. बँडचंही नाव मला धड उच्चारता येत नाही, हिला तर मुळीच नाही. म्हणून आमच्या घरात रेकॉर्डना कव्हरवरच्या चित्रांची नावं. 'घुबड'. 'उलटी छत्री'. 'तीन मिशा'. "तुमचं घुबड टेबलावरून उचला, जेवायचंय" — असा कारभार. या नव्या रेकॉर्डच्या कव्हरवर समुद्रकिनारा आहे आणि वाळूत एक लाकडी कपाट उभं आहे. दार अर्धवट उघडं. आत फक्त एक बूट. का? विचारू नये.

बँडमध्ये पाच पोरं होती. एकच रेकॉर्ड काढली, कोणी घेतली नाही, मग एक दातांचा डॉक्टर झाला, एक सासऱ्याच्या दुकानात बसला. रॉकवाले यांना आपलं म्हणत नाहीत आणि जॅझवाले दारात उभं करत नाहीत. मला नेमकी हीच मंडळी आवडतात. साधं गाणं म्हणून सुरू होतं, बघता बघता ताल सात मात्रांवर जातो, ऑर्गनवाला एका वाटेने, ड्रमवाला दुसऱ्या, आता हे कुठले परत येतायत असं वाटतं — आणि येतात! बरोबर समेवर! तेव्हा जो जीव भांड्यात पडतो, त्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

तबकडीने दिली. तबकडी म्हणजे माझा मित्र, जुन्या रेकॉर्डचं दुकान आहे त्याचं. बदल्यात माझ्या 'तीन मिशा' घेतल्या लुच्च्याने. वर म्हणाला, "डावीकडून सॅक्सोफोन येतो ना, काटा येईल अंगावर. डोळे मिटून ऐक."

ही म्हणाली, "आणखी एक कपाट? आणि ठेवणार कुठे, कपाटात?"

हल्ली चहाला ही माझ्या उजवीकडे बसायला लागली आहे. डावीकडच्या खुर्चीत सकाळची तिरीप डोळ्यांवर येते म्हणे. इतकी वर्षं नाही आली ती! चष्म्याचा नंबर वाढला असणार. स्वतःच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, आणि तपासून घ्यायला वेळ नाही.

५ फेब्रुवारी

काटा आला नाही. सॅक्सोफोनच आला नाही! ऑर्गन, ड्रम, बासरी सगळे हजर, आणि डावीकडे नुसती कुजबूज. शेजारच्या घरात कोणीतरी वाजवतंय म्हणावं, तर शेजारी तेवढे चांगले नाहीत.

सुई साफ केली. रेकॉर्ड पुसली. पुन्हा लावली. कुजबूज.

७ फेब्रुवारी

वायर बदलली. मग दुसऱ्या टोकाची बदलली. डाव्या स्पीकरवर हात ठेवला तर पडदा थरथरतोय. म्हणजे स्पीकर जिवंत आहे. 'घुबड' लावून पाहिलं, तेही हल्ली डावीकडे जरा मऊ वाटतं, पण त्यात डावीकडे मुळात फार काही नाहीच.

म्हणजे रेकॉर्डमध्येच खोट. तबकडीने मला गंडवलं! मला!

९ फेब्रुवारी

दुकानात एक गृहस्थ आले. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ करून! शेवटची ओळ घडाघडा म्हणाले. मी तक्ता बदलला, तसे गप्प. "वरची ओळ तरी?" "आज जरा थकलोय." मला अशांचं हसू येतं आणि रागही येतो. अहो, फसवताय कोणाला? डोळा तुमचा, अंधार तुमचा.

संध्याकाळी हिला पकडून खुर्चीत बसवलं. चौकट नाकावर चढवली. हे बरं की हे बरं? हे बरं की हे? नंबर तोच! काडीचा फरक नाही.

"मग ऊन कसं काय टोचतं?"

"टोचतं झालं," म्हणाली. "आज वर्गात एका मुलीचीही जागा बदलली मी. जागा बदलली की बरं असतं कधी कधी."

बालवाडीच्या बाई. घरालाही वर्गच समजते.

१० फेब्रुवारी, शनिवार

भांडण झालं. मोठं.

तबकडीच्या दुकानात गेलो, 'कपाट' समोर ठेवलं, म्हटलं डावी बाजू मेलेली आहे. त्याने शांतपणे लावली. "ऐक की! ओरडतोय सॅक्सोफोन!" मी म्हटलं, कुठे? "अरे, हा काय! कान कुठे ठेवलेत?" दोन गिऱ्हाइकं होती, ती हसायला लागली. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "ऐकू येत असल्याचं सोंग करून माल खपवायचा धंदा बरा आहे."

असं बोलायला नको होतं.

तो आत गेला. आतून 'तीन मिशा' आणल्या, 'कपाटा'वर ठेवल्या. "दोन्ही ने. आणि थोडे दिवस येऊ नकोस."

दोन्ही घेऊन आलो. बक्कळ फायदा. तोंड कडू झालंय.

११ फेब्रुवारी, रविवार

आज वायरी उलट्या लावल्या. डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. सहज, शेवटचा उपाय म्हणून.

आणि आला! उजवीकडून सॅक्सोफोन आला! असा आला की काटाच काय, मी उभाच राहिलो. काय वाजवतो पोरगा! आधी एकटाच कुरकुरतो, मग चढतो, चढतो, आणि ड्रमवाला खालून ढकलतोय —

आणि ऑर्गन गेला. आता ऑर्गन शेजारच्या घरात.

बराच वेळ कळेना. मग उजव्या कानात बोट घातलं.

सगळं बंद झालं.

रेकॉर्ड ठीक. सुई ठीक. वायर ठीक. तबकडी ठीक. बिघडलोय तो मी! आणि दुकानात रोज पहिलं काम काय करतो? "एक डोळा झाका," म्हणतो. एक कान झाकून बघायचं या शहाण्याला आठवडाभर सुचलं नाही!

१२ फेब्रुवारी

कान मोकळा व्हावा म्हणून दिवसभर जांभया दिल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "झोप होत नाही का हो?"

१३ फेब्रुवारी

बाबांची फार आठवण येते आहे. त्यांचंही डावीकडूनच सुरू झालं. याच वयाला. मग उजवा गेला. आम्ही सगळे ओरडून बोलायचो. सोपी सोपी वाक्यं, जेवलात का, औषध घेतलंत का. बाकीचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून. घरात हशा पिकला की तेही हसायचे, थोडं उशिरा, आमच्या तोंडाकडे बघून. गाण्याची केवढी आवड होती! एक दिवस स्वतःच रेडिओ उचलून माळ्यावर ठेवला. आम्ही कोणी काही बोललो नाही.

ही मात्र त्यांच्याशी कधी ओरडून बोलली नाही. जवळ जाऊन बसायची, हळू बोलायची. हिचं तेवढं त्यांना कळायचं.

हिला सांगायचं नाही. एवढ्यात नाही. भीती वाटते, दुसरं काय! रेकॉर्डनी भिंत भरून ठेवली आहे, आणि उद्या ती नुसती चित्रं. घुबडं आणि मिशा.

१५ फेब्रुवारी

वायरी परत होत्या तशा लावल्या. त्या पोराने सॅक्सोफोन डावीकडे ठेवलाय, तो मी माझ्या सोयीसाठी उजवीकडे न्यायचा म्हणजे लबाडी. त्यापेक्षा मी वळावं. खुर्ची फिरवली, स्पीकरकडे पाठ करून बसलो. डावा स्पीकर उजव्या कानाला! काय डोकं चालतं माझं!

बसलोय असा भिंतीकडे तोंड करून, तर दारात ही. बराच वेळ बघत असावी.

"रुसलात का त्यांच्यावर?"

म्हटलं, वेगळा अनुभव. पाठीमागून ऐकलं की खोली मोठी वाटते.

तिने पिशवी खाली ठेवली. "झालं का सगळं करून? आता जायचं का डॉक्टरांकडे?"

एवढंच. मला वाटलं होतं रडेल, चिडेल, का लपवलंत म्हणेल. काही नाही. मीच बोलत सुटलो, बाबा, रेडिओ, सगळं. हिने सोमवारची वेळ घेऊनही टाकली. इतकं हलकं वाटलं. कानाचं काय व्हायचं ते होवो.

१९ फेब्रुवारी, सोमवार

हलकं कसलं! डॉक्टर आज आल्याच नाहीत. म्हणे शस्त्रक्रियेत अडकल्या, तोवर ऐकण्याची चाचणी करून घ्या.

काचेची खोली. कानांवर डबे. हातात बटण. बाहेर एक मुलगी यंत्रापाशी. आवाज आला की दाबा. उजवा झाला, झकास. मग डावा. काहीच नाही. मग माझ्या लक्षात आलं की तिचा हात काचेत दिसतोय. हात हलला की मी बटण दाबायला लागलो! चांगलं चाललं होतं. इतक्यात ती आत आली, हसली, आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून गेली.

तक्ता पाठ करणाऱ्या गृहस्थांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

चाचणी संपल्यावर ती मुलगी कागदाची घडी घालत म्हणाली, "डॉक्टर सांगतील उद्या." हे वाक्य मला चांगलं माहीत आहे. मीही म्हणतो ते, मोतीबिंदूवाल्यांना.

परतताना ही उजवीकडून चालत होती. काहीतरी बोलत होती, फारसं महत्त्वाचं नसलेलं. बरं वाटत होतं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

कापूस!!

कापूस निघाला! देवा रे! कापसाचा बोळा, मुगाएवढा, त्याभोवती मळाचा थर, घट्ट झालेला. डॉक्टरांनी दिवा लावून एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे काय घालून ठेवलंय?" चिमटा घातला. आत वादळ झाल्यासारखा आवाज, आणि मग —

मग घड्याळ. भिंतीवरचं घड्याळ, डावीकडचं! बाहेर कोणाची तरी चप्पल. हिच्या हातातल्या किल्ल्या.

"नस ठणठणीत आहे तुमची," डॉक्टर म्हणाल्या. पुन्हा त्या काचेच्या खोलीत पाठवलं. त्या मुलीने आपणहून खुर्ची भिंतीकडे केली. दोन्ही कान सारखे! "तुमच्या वडिलांचं वेगळं, तुमचं वेगळं. कशाने साफ करता कान?"

सांगावंच लागलं. रेकॉर्डची सुई साफ करायच्या काड्या असतात ना, टोकाला कापूस गुंडाळलेल्या, त्याच. सुई झाली की उरलेल्या टोकाने कान.

डॉक्टरांनी हिच्याकडे पाहिलं. हिने छताकडे पाहिलं.

"सुईला जपता तेवढं कानाला जपा. कानात काही घालायचं नाही. गाणं सोडून."

जिन्यात हसू फुटलं आम्हाला. ही कठड्याला धरून हसत होती. मला मध्येच रडू आलं, तेही आवरलं नाही. किती वाईट गेले हे दिवस, ते आता संपल्यावर कळतंय. संध्याकाळी 'कपाट' लावलं, खुर्ची सरळ करून, डोळे मिटून. डावीकडून आला. आधी कुरकुरत, मग चढत. आणि सगळे गेले आपापल्या वाटांनी, आणि आले परत, बरोबर समेवर. काटा आला.

२२ फेब्रुवारी

तबकडीकडे गेलो. 'तीन मिशा' काउंटरवर ठेवल्या. म्हटलं, कापूस होता कानात.

तो बघतच राहिला. "म्हणजे तू माझ्या दुकानात येऊन मला चोर म्हणालास, आणि कापूस तुझ्या कानात?"

"हो."

"कान साफ कशाला केले? उपटायला हवे होते." मग हसला. इतका हसला की खोकला लागला. चहा मागवला. 'तीन मिशा' मात्र लगेच आत नेऊन ठेवल्या, मी विचार बदलायच्या आत. दुकानातून निघताना म्हणाला, "डोळ्यांचा माणूस तू, कानाडोळा करणारच!" हा विनोद आता तो जन्मभर सांगणार. सांगू दे.

२५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ही चहा घेऊन आली आणि माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसली. ऊन सरळ डोळ्यांत.

म्हटलं, "अगं, तिरीप येते ना तिथे?"

"येते की. पहिल्यापासून येते." डोळे बारीक करून चहा पीत होती.

नंबर तोच होता. आणि त्या दिवशी 'आता' म्हणाली होती — 'आता जायचं का'. म्हणजे माझ्याही आधी हिला कळलं होतं! मला ऐकू यावं म्हणून उजवीकडे बसली. आणि त्याआधी इतकी वर्षं, रोज सकाळी, त्या उन्हात.

उठलो आणि पडदा ओढला.