सात किलोंची पिशवी

३ एप्रिल, गुरुवार
भीती वाटते. लिहून टाकलं की बरं वाटेल म्हणून लिहिलं. नाही वाटलं!

वीस तारखेला निघायचं. एकोणीस दिवस, तीनशे दहा किलोमीटर, भर उन्हात. आणि चालणार कोण? मी! दोन जिने चढले की कठडा शोधणारा.

दोन वर्षांपूर्वी हिचं गाठीचं ऑपरेशन चालू होतं. मी दवाखान्याबाहेर पायरीवर. आत थांबायची छाती झाली नाही. तिथेच बोलून गेलो – ही वाचू दे, डोंगरावरच्या देवळापर्यंत चालत येईन. ही वाचली. मागच्या उन्हाळ्यात मी गुडघ्याचं निमित्त काढून टाळलं. तेव्हापासून ही नुसती खोकली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत बसतो. नवस बोलून फेडला नाही की… पुढचं लिहीत नाही.

हिला यातलं काही ठाऊक नाही. तिला वाटतं, म्हाताऱ्याला हौस आली.

५ एप्रिल, शनिवार
आमच्या जथ्याचा म्होरक्या – सगळे त्याला मास्तर म्हणतात, जन्मात कुणाला शिकवलं नसलं तरी – त्याचा नियम: पिशवी सात किलोंच्या वर नको. निघताना काट्यावर ठेवायची, जास्त भरली तर माणूस घरी! "जड पिशवीवाला तिसऱ्या दिवशी आमच्या खांद्यावर येतो," म्हणाला. मनात आलं, मी दुसऱ्याच दिवशी येईन.

८ एप्रिल, मंगळवार
पिशवी पोस्टाच्या ऑफिसात नेली. तीस वर्षं पार्सलच्या काट्यावर बसतोय, स्वतःचं ओझं आज पहिल्यांदा तोललं. सात किलो पंचेचाळीस ग्रॅम. शेजारच्या खिडकीवरचा म्हणाला, "काका, पत्ता चिकटवा न् स्वतःलाच पाठवून द्या!" सगळे हसले. मीही हसलो.

काय काढावं? चादर हवी. टॉवेल हवा. शेवटी एक छोटी डबी काढली. नेमकी पंचेचाळीस ग्रॅम. काटा सात किलोंवर स्थिर! मोठा पराक्रम केल्यासारखा घरी आलो.

९ एप्रिल, बुधवार
सकाळी पिशवी पाठीवर घेऊन सरावाला गेलो. पूल ओलांडला आणि छाती आवळली. कठड्याला टेकून डबी चाचपतोय – छातीच्या गोळ्यांचीच डबी काल काढली होती! अर्धा तास तिथेच बसलो. आपण आता मरणार, असं स्पष्ट वाटलं.

घरी आलो तर डबी हिच्या हातात. "अहो, गोळ्या काढल्यात आणि दाढीचा आरसा ठेवलात?"
"पंचेचाळीस ग्रॅम जास्त भरत होते गं."
"देवापुढे दाढी करून जायला हवं, जिवंत गेलं नाही तरी चालेल, असंच ना?"
आरसा बाहेर, डबी आत. त्यावरून दिवसभर टोमणे.

११ एप्रिल, शुक्रवार
दहा किलोमीटर. आपल्याला पाय आहेत हे कळलं, एवढंच.

१५ एप्रिल, मंगळवार
हिची सहामाही तपासणी होती. तिची थोरली बहीण, अक्का, सोबत गेली. मी काट्यावर तीन पार्सलं चुकीची लिहिली. संध्याकाळी ही म्हणाली, "सगळं ठीक आहे." रिपोर्ट मागितला तर, "कपाटात आहे. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" खरं आहे. सुटलो एकदाचा! आता फक्त स्वतःची भीती उरली.

१७ एप्रिल, गुरुवार
मास्तरला नाही म्हणून सांगावं, असं दिवसभर मनात होतं. हीच ऐकेना. "जायचं म्हणजे जायचं. आणि एक दिवसही आधी परतायचं नाही हं." एवढी घाई का हिला? तुम्ही नसताना अक्का राहायला येते आहे, म्हणाली. दोघींना गप्पा मारायच्या असतील.

१९ एप्रिल, शनिवार
दुपारी हिचा फोन वाजला. ही न्हाणीघरात, म्हणून मी उचलला. दवाखान्यातून होता. "परवा सोमवारी सातला या. उपाशीपोटी. सोबत एक माणूस हवा."

कपाट उघडलं. रिपोर्ट वाचला. माझ्यासारख्यालाही कळला. गाठ पुन्हा आलीय.

ही केस पुसत दारात उभी. "तुम्ही गेलात की उरकून घेणार होते. मागच्या वेळी पायरीवर बसून होतात, मला माहीत नाही का किती घाबरता? म्हटलं, त्यापेक्षा चालत असलेले बरे."

मग मी सगळं सांगितलं. नवस, टाळाटाळ, गुडघ्याचं खोटं. माझ्यामुळेच झालं हे, म्हणालो. "गुडघा खोटा होता? अहो, दोन महिने तेल चोळलं मी त्याला!" आणि हसायला लागली. हसता हसता रडली. मीही.

येत नसल्याचं मास्तरला कळवलं.

२१ एप्रिल, सोमवार
हिला साडेआठला आत नेलं. पिशवी तीच आणली – चादर, टॉवेल, डबी. खाली पायरीवर गेलो नाही. ऑपरेशनच्या दारापासून टोकाच्या खिडकीपर्यंत बेचाळीस पावलं. पिशवी पाठीवर घेतली आणि सुरू झालो. एकशे अकरा फेऱ्या झाल्या तेव्हा सिस्टर म्हणाली, "काका, बसा की जरा."

म्हटलं, "आत्ताच तर निघालोय."