आबांची शिंक आणि आईचे डोळे

रिहे, रविवार

तीर्थस्वरूप बहिरूमामा यांस,

भाचा शंभू याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग तूर्त मनातल्या मनात). मामींचा खोकला, तुमची म्हैस आणि तुमचा राग, सगळं बेतात असेल अशी आशा करतो. इकडे भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, मागच्या खोल्यांत पिरंगुटच्या कंपनीतली चार पोरं भाड्याने आली. थोडक्यात, मी दमलो आहे. फोनच केला असता, पण फोन लावला की आई शेजारी येऊन बसते आणि तिकडे तुम्ही सगळ्या मुठा गावाला ऐकू जाईल असं बोलता. शिवाय डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येतं, असं तुम्हीच सांगत फिरता. तर वाचा.

विषय आईच्या डोळ्यांचा आहे. दोन्हीकडे मोतीबिंदू पिकला आहे आणि डॉक्टर म्हणतात, आता लांबवू नका. परवा तिने भाडेकरू पोरांपैकी एकाला शंभू समजून अर्धा तास झापलं. पोरगा बिहारचा. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि मग मला येऊन विचारलं, ‘अंकल, मैंने किया क्या?’ जे काही केलं होतं ते मीच केलं होतं.

पिरंगुटच्या दवाखान्याने उजव्या डोळ्यासाठी आजवर तीन तारखा दिल्या आणि तिन्ही हुकल्या. कारण शिंक. आमच्या घरातली शिंक तुम्हाला ठाऊक आहे, ती तुमच्याच घरून आली. सावलीतून उन्हात पाऊल पडलं की आबा (तुमचे वडील, माझे आजोबा) शिंकायचे. ते आईत उतरलं, आईचं माझ्यात, माझं आमच्या क्षितिजात. तुम्ही बारा महिने छत्री घेऊन का हिंडता, हे मला या वयात कळलं. जमिनीची भावंडांत वाटणी होते, शिंक मात्र ज्याला मिळते त्याला अख्खी मिळते.

त्यात आईचा नेम असा की निघताना कुणी शिंकलं तर मागे फिरायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. पहिल्या तारखेला रिक्षा दारात उभी होती. मी ओट्यावरून उतरलो आणि शिंकलो. सगळे आत. पाणी. मग आई शिंकली. सगळे आत. पाणी. मग क्षितिजा. शेजारच्या गोजराबाईंचं म्हणणं, दोन शिंका आल्या की दोष जातो. आमच्यात तीन येतात. असं आम्ही अकरा वेळा आतबाहेर केलं (ऊन वाढतच होतं, कमी कशाला होतंय), शेवटी रिक्षावाला कंटाळून निघून गेला. आमच्या घरात न शिंकणारी एकटी रेश्मा. ती पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती, जणू विचारतेय, लग्नाआधी ही गोष्ट सांगायची राहिली कशी. क्षितिजाचे केस, हुशारी आणि अक्षर तिच्याकडून आलं, हे ती त्यानंतर आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

दुसऱ्या तारखेला मी क्षितिजाला आधीच मागच्या दाराने काढून दिलं आणि स्वतः डोळ्यांवर टॉवेल बांधून बाहेर पडलो. पायरी चुकली. कंबर ती अशी. पडल्या पडल्या टॉवेल सुटला, वर ऊन होतंच.

मग मी वाकत वाकत दवाखान्यात माफी मागायला गेलो. डॉक्टर मनापासून हसले (माझ्या मते गरजेपेक्षा जास्त). म्हणाले, हा अपशकुन नाही, ही उजेडाची शिंक आहे. आई किंवा बाप, एकाला असली तरी मुलात उतरू शकते. मी घरी येऊन आईला हे सगळं नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हंजी माज्या बापानं दिलेली हाय न्हवं? मंग तिचा मान नगं राखाया?’

तिसरी तारीख गेल्या गुरुवारी होती. खोऱ्यात सकाळी दाट धुकं असतं, ऊन नाही म्हणजे शिंक नाही, असा हिशेब करून मी सगळ्यांना साडेसहालाच बाहेर काढलं. मी शिंकलो नाही. क्षितिजा शिंकली नाही. फाटकाला हात घातला आणि मागून आईच्या तीन शिंका आल्या, एकापाठोपाठ एक, खणखणीत. आम्ही आत येऊन बसलो, पाणी प्यायलो. क्षितिजा बी.एस्सी. करते, तिला शंका फार येतात. तिने आजीच्या पदराची गाठ सोडली, तर आत तपकिरीची पुडी. गोजराबाईंकडून मागून आणलेली.

मामा, मला रागही आला नाही. जिने भरल्या शेतात एकटीने कोयत्याने घोणस मारली, ती माझी आई घाबरली आहे आणि तिला ते सांगायची लाज वाटते आहे, एवढंच मला त्या पुडीत दिसलं. मी तिचा तांब्या पुन्हा भरून तिच्यापुढे ठेवला.

मामींना नमस्कार. छोट्या सोनूला आशीर्वाद.

आपला भाचा,
शंभू

ता. क. भीती कुठून आली ते क्षितिजाने काढून घेतलं. डॉक्टर डोळा बाहेर काढतात, वाटीत खळबळून धुतात आणि परत बसवतात, असं दसऱ्याला आईला कुणी सांगितलं? तुम्हीच. वाढवून सांगायची खोड आबांची, ती तुमच्यात पुरेपूर आली आहे. थोडी माझ्यातही आली आहे, म्हणून कबूल करतो: वर लिहिलेल्या अकरा फेऱ्या खरं तर पाच होत्या, आणि पायरी चुकली नव्हती, मी कुत्र्यावर पडलो.

ता. क. दुसरा. वरचं सगळं फाडून टाकलंत तरी चालेल, हे तेवढं ठेवा. काल दुपारी आई आतल्या खोलीत पडली होती. मी दारात उभा राहिलो, उजेड पाठीमागे होता. तिने डोळे किलकिले करून बघितलं आणि म्हणाली, ‘आबा, मला न्हाई जायचं तितं. लई भ्या वाटतंय.’ उंची आणि खांदे मला आबांचे मिळाले आहेत, पण आवाज वडिलांकडचा, म्हणून मी तोंड उघडलं नाही. तिला परत झोप लागेपर्यंत नुसता उभा राहिलो. आबांचा आवाज तुमच्याकडे आहे, मामा. येत्या बुधवारची तारीख मिळाली आहे. मंगळवारीच मुक्कामाला या. सकाळी मी दारात उभा राहतो, तुम्ही माझ्या मागून, आबा तिला म्हणायचे तसं, नुसतं ‘चल सारजे, मी हाय’ म्हणा.