बाप्तिस्म्याचा झगा

अमरावती, राखेचा बुधवार, १९३४

माझे दिवस भरत आलेत, म्हणून सासूबाईंनी अकोल्याहून बाप्तिस्म्याचा झगा पाठवला. यांच्या घरच्या नऊही पोरांचा बाप्तिस्मा त्यातच झाला. माहेरी आम्हा अकरा जणांनाही एकच झगा होता. धाकटा आंतोन आठव्या दिवशी गेला. त्याला तोच घालून निजवलं होतं. पेटीत ठेवण्याआधी मायनं नाडी कापून झगा काढून घेतला.

“माय, कावून काढून राहिली?”

“पुढच्याले लागन.”

या झग्याच्या नाड्याही कापून पुन्हा शिवल्यात. यांना विचारलं, तुमच्याकडंही तसंच?

“हाव. तिघांच्या वेळेस.”

सारख्या त्या नाड्याच दिसतात. नाही घालणार मी हा. उद्या नवा शिवते. तो माझ्या बाळाचाच. काही झालं तरी अंगावरून काढू देणार नाही.